प्राणी, संख्या, वेळ, दिशा

कुळ्याच्या स्टेशनामागे पहाटे साडेपाचला
रांग लागलेली.
मला वाटत होतं आपण लवकर आलो.
टोकन मिळालं दोनशे चौदा.
नुपूर म्हणाली, बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात
इथे कुणी नसतं.

म्हणालो होतो खरा.
मालगाडीच्या गार्डाला दोन नारळ देऊन
शेवटच्या डब्यात पाय सोडून बसायचो आम्ही,
मी, वासूमामा,
आणि मामाचा सावर्ड्याचा मित्र पाश्कोल,
ज्याला पोहता येत नसे
आणि जो दर वेळी सगळ्यांआधी पाण्यात उतरे.
बोगद्यात शिरलं की ओरडायचं.
बोगदा ते ओरडणं परत द्यायचा,
थोडं जाड करून.
परतीला रुळांवरून पायी.
स्लीपरांचं अंतर माणसाच्या पावलाचं नसतंच,
एक घ्यावा तर जवळ,
दोन घ्यावेत तर लांब.
पिंडऱ्यांवरच्या जळवा घरी पोचल्यावर मोजायच्या.

आता जीपमध्ये सात जण.
हुबळीचं नवं जोडपं,
सोलापूरचे तिघे भाऊ एकसारख्या टोप्यांत,
आम्ही दोघं.
नारिंगी जाकिटं आतापासूनच अंगात,
जणू रस्ताच बुडवणार आहे.
ड्रायव्हर ओहोळात गाडी घालतो
तेव्हा सगळे एका सुरात किंचाळतात
आणि पलीकडच्या काठावर
एकदम गप्प,
रेंज शोधत.

फॉरेस्टच्या गेटवर बाटल्या मोजतात.
प्रत्येक बाटलीला स्टिकर,
परत आणली तर पैसे परत.
टेबलामागे येसो वेळीप.
मी ओळखलं नाही. त्याने ओळखलं, बहुधा नाकावरून.
"वासूचो भाचो न्हय रे तूं?"
तेव्हा विशीतला वॉचर होता तो,
शेकरूचं घरटं दाखवायला
किंदळावर सरसर चढलेला.
आता गुडघ्याला पट्टा.
पुढ्यातल्या रजिस्टराचे छापील रकाने मात्र तेच:
प्राणी, संख्या, वेळ, दिशा.
जुने गठ्ठे उरलेत, म्हणाला,
संपेपर्यंत वापरायचे.
मी उलटं वाचलं.
बाटली. सात. आठ दहा. आत.

दूधसागर पडत होता.
माणसांनी त्याला काय फरक पडतो,
असं म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही.
शिट्टीवाला दर दोन मिनिटांनी शिट्टी मारत होता
आणि पाण्यापुढे ती शिट्टी
कुणाच्या तरी खिशात वाजल्यासारखी वाटत होती.
ज्या खडकावर पाश्कोल पालथा पडून वाळायचा
त्यावर फोटोची रांग.
मीही तिच्यात उभा राहिलो.
आपण सोडून बाकीचे कमी व्हावेत,
असं रांगेतल्या प्रत्येकालाच वाटत असणार.

हुबळीच्या नवरीने चपला काढल्या,
पाऊल पाण्यात घातलं
आणि "अय्यो" म्हणाली,
इतक्या हळू
की नवऱ्यालाही ते ऐकू गेलं नसावं.
तिचा हा पहिलाच दूधसागर.
माझा पहिला हिच्यापेक्षा चांगला होता,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

परतताना गेटवर सहाच बाटल्या भरल्या.
सोलापूरकर एकमेकांकडे बघू लागले.
सातवी माझी होती.
वानराने नेली, मी म्हणालो, आणि मलाच ते खोटं वाटलं.

येसो हसला नाही.
"माकड की वानर?"
काळं तोंड, लांब शेपूट.
"किती होते?"
एकच.
"गेला कुठे?"
वर. ओहोळाच्या उजव्या अंगाने.

त्याने पेन झटकलं, कागदाच्या कडेला गिरवून पाहिलं,
आणि मग प्रत्येक रकाना भरला,
घाई न करता,
मागे एकोणीस जीपांचे हॉर्न वाजत असताना.
वानर. एक. अकरा चाळीस.
दिशेपाशी जरा थांबला.
"उजवा अंग म्हणजे जाताना की येताना?"

जाताना, नुपूर म्हणाली.

पैसे मात्र कापले.