शेवटची बारा पानं

क्लीथॉर्प्सच्या चर्च हॉलमध्ये
नऊ पौंडांत भीती मिळणार होती,
हसून पोट दुखेल अशी हमीही पत्रकावर होती.
मला दोन्हीतलं काही नको होतं.
वाशीमच्या वाचनालयात, सातवीत,
रक्तपिपासू सरदाराची गोष्ट हाती लागली
तेव्हा शेवटची बारा पानं कुणीतरी फाडून नेली होती.
तो मेला का,
एवढंच चौतीस वर्षं विचारायचं राहिलेलं.

पडदा अडकला. उघडला. पुन्हा अडकला.
शवपेटी म्हणजे कुणाचंतरी कपडे ठेवायचं कपाट,
आत हँगर वाजत होते.
वटवाघळाच्या जागी दोरीला बांधलेली काळी छत्री,
तीही आयत्या वेळी उलटी झाली.
लसणाची माळ प्लास्टिकची.
आमच्या स्वयंपाकघरात खरी टांगलीय,
तिला भिऊन आजवर फक्त घरमालक परत गेलाय.
नायिकेच्या मानेवर केचप, केचपवर विनोद,
मग दुसरा विनोद, तोही पहिलाच.
सत्तावीस डोकी. त्यांतली चार नायिकेच्या घरची,
टाळ्यांचा सगळा भार त्यांच्यावर.
शेजारच्या मॉरीनबाईंनी विणकाम काढलं.
"गेल्या वर्षी याहून वाईट होतं," म्हणाल्या,
मला धीर द्यायला.

सरदार झाले होते क्लिफर्ड हॉब्सन,
ग्रिम्सबीच्या गोदीत जन्मभर मासळीचा लिलाव पुकारलेले.
आवाज अजून खणखणीत,
फक्त दर तिसऱ्या शब्दाला सुळे निसटायचे.

शेवटी एकदाचा छातीवर खुंटा रोखला गेला.
मी पुढे सरकून बसलो. आलीच ती पानं.
सरदारांनी हात उचलला, तोंड उघडलं,
आणि थांबले.
विंगेतून कुणी वाक्य दिलं.
पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं.
ते दिव्यांकडे बघत राहिले,
मग खुंटा धरलेल्या पोरीकडे,
आणि अगदी हळू म्हणाले,
"बाळ, आपण कुठे आहोत?"

हॉल फुटला. काय हसले लोक!
संध्याकाळभर अडून बसलेलं हसू
त्या एका वाक्यावर भडभडून सांडलं.
मॉरीनबाईंच्या सुया तेवढ्या थांबल्या.
वॉर्डात रात्रपाळीला, तीनच्या सुमारास,
हाच प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं.
याच आवाजात.
माझ्या मानेवर काटा आला,
सुळे जिथे लागतात, बरोबर तिथे.

पोरगी शहाणी. तिनं खुंटा टाकला,
त्यांचा हात धरला आणि नाचाची खूण केली.
सगळे नाचले. कुणी मेलं नाही.

बाहेर समुद्राचा वारा, बसथांबा.
बायको त्यांच्या काळ्या झग्यावरून
कोटाची बटणं लावत होती, खालून वर, न बोलता.
त्यांनी माझ्यापुढे मूठ उघडली.
"हे तुमचे का?"

हो, म्हणालो, आणि खिशात टाकले.
अजून ओले होते.