फ्रिजवरचा कागद

पाच पोरं, एक बाथरूम, आणि हॅलिफॅक्सचा हा चढ:
दारात कांदा निसटला तर थेट कालव्यात जाऊन थांबेल.
अशा घरात मायेच्या आधी
वेळापत्रक लागतं.

म्हणून फ्रिजवर कागद.
रात्रपाळीहून आले त्या सकाळी
उभ्यानंच लिहिला होता, कोट न काढता.

मंदार: बिन. दर बुधवारी रात्री. विसरायचं नाही.
गार्गी: भांडी घासणे. मैत्रेयी: पुसणे.
जुळ्या आपसात अदलाबदल करतात, मला कळतं;
मैत्रेयीनं पुसलेला कप ओलाच असतो.
शंतनू: सगळ्यांचे बूट लावणे.
चार वर्षांचा. डावा-उजवा कळत नाही त्याला,
जोडी कळते. तेवढं पुरे.

सगळ्यात खाली शलाका.
तिच्या नावापुढे एकच शब्द: बाकीचं.

सासूबाई फोनवर म्हणायच्या,
काठी ओली आहे तोवर वळण लाव.
मी लावत होते. निदान ओरडत तरी होते.
मंदार बिन विसरला की समुद्रपक्षी पिशव्या फोडायचे,
डाळीची सालं, चहाचा चोथा पार फुटपाथभर,
आणि माझा आवाज त्याच्याही पुढे.

मग एकदा शेजारच्या हॉलरॉइडबाई आल्या,
हातात रुबार्बच्या मुरंब्याची बरणी.
तुमचा मुलगा, म्हणाल्या, दोन वर्षं झाली,
माझा बिन वर नेतो. अकरा पायऱ्या आहेत हो.
मी कधी सांगितलं नव्हतं.
आता काय बोलणार त्याला?
तरी बोललेच: आपलाही ने रे बाबा.

लीड्सच्या मंडळात बायका विचारायच्या,
पाच-पाच, आणि एवढी शहाणी? कसं जमवलंत?
मी ते प्रसादासारखं
दोन्ही हातांनी घ्यायची.

सप्टेंबरात शलाका डंडीला गेली, शिकायला.
ह्यांनी डेपोतल्या मित्राची व्हॅन आणली,
गादी, कुकर, दोन खोकी.
मी कामावर होते. आले तर घर झोपलेलं,
आणि कागदावर 'बाकीचं'पुढे एक बाण:
मागे पाहा.

मागे तिचं अक्षर,
रविवारच्या वर्गात शिकलेलं,
अजून 'व' आणि 'ब'चा गोंधळ.

शंतनूला रात्री दोनला पाणी. निळा कप. दुसरा चालत नाही.
बॉयलर बंद पडला की लाल बटण तीनदा. शिव्या देऊ नका, लागतो.
गार्गी मंगळवारी रडते. पोहण्याचा तास.
विचारू नका, टॉवेल गरम करून द्या.
बाबा गोळी घेतली म्हणतात. मोजा.
शाळेच्या पत्रांवर आईची सही आता मंदार करेल.
त्याची शेपटी जरा लांब येते, सुधारेल.
दारावरच्या घंटेचे सेल खालच्या खणात आहेत.
मी काढलेत. आई सकाळी झोपते.

चार वर्षं मी समजत होते
आमची घंटा बिघडली आहे.
ह्यांना दोनदा म्हटलंसुद्धा, नवी आणा.

थोरली म्हणून थोर व्हायला लावली तिला.
मी एक शब्द लिहिला, तिनं त्यात घर मावून घेतलं,
आणि कौतुक मी घेऊन आले लीड्सहून,
स्टीलच्या डब्यातून, मोतीचुराबरोबर.

कुणी सांगावं,
ह्याला वळण म्हणायचं की वाकणं.

पेन घेतलं. 'बाकीचं'वर काट मारली.
पाच ओळी पाडल्या, एक ह्यांच्या नावाची.
गोळ्या: स्वतः मोजणे, खरं सांगणे.
पाणी, रात्री दोन: आई, सुट्टीच्या दिवशी.

पहिल्याच सुट्टीला उठले. निळा कप.
अंधारात पायरी मोजत त्याच्या खाटेपर्यंत.
घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
असं नाही, म्हणाला झोपेत,
ताई नळ सोडून थांबते.
किती वेळ रे?
ते तिला माहीत.

मी परत खाली गेले.
नळ सोडला,
आणि थांबले.