आधी पैसे

पहिल्या गुरुवारी न विचारताच काटा आला,
कागदी रुमालात गुंडाळलेला,
आजाऱ्यापुढे औषध ठेवावं तसा.
शेजारच्या टेबलावर चॉपस्टिक्स.
मी काट्यानेच खाल्लं. भूक होती,
आणि बाहेर फिंच अव्हेन्यूवर उणे एकोणीस.

मेनू दोन होते. एक जाड, चित्रांचा, माझ्यासाठी:
लेमन चिकन, एग रोल, लालभडक काहीतरी.
दुसरा भिंतीवर, गुलाबी कागदाच्या पट्ट्यांवर शाईने लिहिलेला,
त्यातले आकडे तेवढे मला वाचता येणारे.
अकरा. अठरा. नऊ पन्नास.
मी नऊ पन्नासकडे बोट दाखवलं.
"कडू," क्वोक बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही आवडणार."
हे त्यांनी माझ्या जिभेला नाही,
कातडीला विचारून ठरवलं.

आलं ते कारलं,
आंबवलेल्या काळ्या सोयाबीनमध्ये परतलेलं.
बाई, गयानात, बर्बिस नदीच्या काठी
माझी आई दर शनिवारी हेच चिरायची,
मीठ लावून पिळायची,
आम्ही याला करायला म्हणतो…
सांगावंसं वाटलं. इंग्रजी दोघांकडे होतं,
पण त्यांचं काउंटरपुरतं, माझं स्टिअरिंगपुरतं.
मी ताटली पुसून परत दिली.

सहा वर्षं. काटा कधी बंद झाला आठवत नाही.
चहा ओतला की टेबलावर दोन बोटं टकटकवायची,
हे आभार कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांकडून चोरले.
मी त्यांचं नाव चुकीच्या सुरात घ्यायचो,
त्या माझं. फिटंफाट.
शेवटी संत्र्याच्या फोडी येऊ लागल्या, बिलात नसलेल्या.
मी फुशारलो. लेकीला फोनवर म्हणालो,
तिथे मी आता घरचा.

मग त्या संध्याकाळी तीन पोरं आली,
पाठीवर दप्तरं, बुटांतून चिखलबर्फ गळतंय,
रंग माझाच.
मेनू दिला नाही.
"आधी पैसे."
शेजारचं कुटुंब दुसऱ्या सूपवर होतं, पैसे न देता.
मीही दिले नव्हते.

मला ठाऊक होतं, दोन हिवाळ्यांपूर्वी गल्ला फोडला होता.
त्याआधी कुणी काचेवर लिहून गेलं होतं,
तुमचा रोग घेऊन परत जा.
हेही ठाऊक होतं की क्वोक बाई ब्लेडने ती अक्षरं खरवडत होत्या
आणि मी बसमधून बघत होतो,
आणि सिग्नल सुटला.

बसमध्ये सगळेच आधी पैसे टाकत.
कोट कुठला, कातडी कुठली, ती पेटी विचारत नाही.
मी विचारायचो. म्हाताऱ्या चिनी बायांशी
मोठ्याने बोलायचो, तोडून तोडून,
जणू त्या बहिऱ्याच.
सुटे. पैसे. नाहीत. का.

पोरांनी खिसे उलटे केले.
नाणी, एक चुरगळलेली पाचाची नोट.
सगळ्यात धाकटा माझ्याकडे बघत होता,
म्हणजे माझ्या चॉपस्टिक्सकडे.

मी उठलो. काउंटरवर वीस डॉलर ठेवले.
"माझेही घ्या. आधी."
माझं कारलं अजून कढईतच होतं.

त्यांनी नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आत कुणीतरी झारा आपटला.
नोट गल्ल्यात गेली. सुटे मोजले, पुन्हा मोजले,
माझ्या हातावर नाही, काउंटरवर ठेवले.
कारलं त्या दिवशी खारट होतं,
किंवा मला तसं लागलं.
फोडी आल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारी माझ्या टेबलावर काटा.
मी बसलो. कोट काढला नाही.
त्या आल्या, चहा ओतला,
सवयीने माझी दोन बोटं टेबलावर पडली
आणि त्या जाता जाता थांबल्या,
किटली हातात, पाठ माझ्याकडे,
दोन श्वास असतील.

कारलं मी काट्यानेच खाल्लं.
दाराची घंटा वाजली तेव्हा
आम्ही दोघांनीही वळून पाहिलं.