तार लावायच्या आधी

वर्धेच्या दवाखान्यात डाक्तरीणबाईनं
मोनालीले आरसा देल्ला हाती.
समोरचे दात पुढं, मधात फट,
बरोब्बर अंगठ्याच्या मापाची.
म्हणे, तार दात मागं ओढीन,
अंगठा रातभर पुढं ढकलीन.
पैसा तुमचा, भांडण त्याइचं.
आधी अंगठा सोडवा, मंग या.

नऊ वर्साची पोर.
कडुलिंब लावून झाला, मिरची झाली,
बापाचा मोजा बांधला मनगटाले.
पायटी मोजा उशाखाली,
अंगठा आपल्या जाग्यावर,
सुरकुतलेला, पांढराफेक.
बाकी चार बोटं मातीची, शाईची.

"कधीपासून?" बाईनं इचारलं.
"जनमापासून," मी म्हणलं.

खोटं होतं ते.
जिनिंगमधी रातपाळी लागली
तवा सात महिन्याची होती.
मी सरकीच्या धुरळ्यात उभी,
अन् हिनं अंधारात चाचपडून
माह्या बदली शोधून काढली.

येताना बस सेलूच्या अलीकडं बंद पडली.
ती माह्या मांडीवर कलंडली,
अंगठा निघाला तोंडाकडं.
मी धरला.
त्याच्या जागी माही करंगळी देल्ली मुठीत.
घेतली तिनं.
पन ओठ हालत रायले
बस चालू होयेपर्यंत.