एकवीस दिवस

नेसरीच्या बाजारातनं आणलेली म्हस
मी गोठ्यात घेतली नाही.
परड्यात, फणसाखाली, खुंटा ठोकला.
तिची बादली वेगळी, दावं वेगळं,
शेणाची पाटीसुद्धा तिची तिला.
आधी जुन्या दोघींची धार, मग तिची,
मग कोपरापर्यंत साबण.
गोठ्याच्या उंबऱ्यावर
धुण्याच्या सोड्यात भिजवलेलं पोतं.
आत शिरणाऱ्यानं त्यावर पाय पुसायचे,
डेअरीचा चेअरमन असला तरी.

भरमू कुंपणावरनं हसला,
"काय करूलीस गे वैनी? म्हशीला पण विटाळ?"

हसला ते बरं केलं.
चार दिवस मीही बसलेय ह्याच फणसाखाली,
लग्नाच्या पहिल्या वर्षी,
वेगळं ताट, वेगळं घोंगडं.
तेव्हा कुणी माझा ताप बघितला नव्हता.
कुणी विचारलं नव्हतं, पोटात किती दुखतंय.
हिचा मी बघते, दोन्ही वेळा,
शेपूट उचलून, थर्मामीटर लावून,
आणि भिंतीवर कोळशानं लिहिते.
हिच्या दिवसांना कारण आहे, भरमूभावजी,
आणि एकविसाव्याला दावं सोडायचं आहे.

रात्री ती रेकायची.
जुन्या दोघी आतनं उत्तर द्यायच्या.
मी बॅटरी घेऊन जायचे,
कपाळ खाजवायचे,
मग परत हात धुवायचे. थंडीत. दोनदा.

सहाव्या दिवशी आकडा चढला, एकशे चार.
तोंडाला तार लागली, जिभेवर फोड.
बेळगावहून डॉक्टर कब्बूरबाई आल्या,
आधी स्वतःचे गमबूट धुतले, मगच बोलल्या.
रजिस्टरात कन्नडमध्ये लिहिलं, कालुबायी.
मी मनात वाचलं, लाळ्या-खुरकूत.
तिकडे शिनोळीच्या नाक्यावर गाड्या थांबवतात, कागद बघतात.
हे दुखणं कागद घेऊन येत नाही.
येतं टायरच्या चिखलातनं,
पाहुण्याच्या चपलेतनं,
माझ्या हातातनं.

आत दोघी रवंथ करत होत्या,
कानात पिवळे बिल्ले, लसीच्या वेळचे.
त्यांना काही झालं नाही.
आणि काही झालं नाही, हे
डेअरीच्या कट्ट्यावर कोण सांगायला जातं?

म्हस उठली, वैरण खाऊ लागली.
भिंतीवरचे आकडे मी पुसले.
पुन्हा एकपासून सुरू.
बारावं लागलेली पोरगी
कोळसा हातात धरून विचारते,
"आई, आज कितवा?"
पहिला, मी सांगते.
ती लिहिते,
आणि न सांगता
पोत्यावर पाय पुसून
आत जाते.