बहात्तर तारा

वेंगुर्ल्यात लोखंड विकत मिळत नाही,
भाड्याने मिळतं.
मालक समुद्र.

हे हसनमियाँ होडेकरांनी सांगितलं,
ट्रॉलरच्या शाफ्टवरची नजर न उचलता,
मी येझदीच्या चिमट्याचे झिजलेले बुश
बँकेच्या कापडी पिशवीतून त्यांच्या लेथवर ओतले तेव्हा.
गाडी कुणाची?
माझी.
म्हणजे चालवणार कोण?
मी.
मग काही बोलले नाहीत.
होडीच्या पितळेतले नवे बुश कातून दिले,
पैसे निम्मेच घेतले,
उरलेल्या निम्म्याचं अजून बोलणं नाही.

तशी गाडी इनासची. इनास रॉड्रिग्ज, पाववाला.
सव्वीस वर्षं पहाटे पावणेपाचला
मागे वेताची टोपली, हँडलला रबरी पोंगा.
बेकरी मिटली आणि गाडी मांगरात गेली,
काजूच्या रिकाम्या पोत्यांआड.
एअर फिल्टरात कुंभारमाशीने घर केलेलं,
आणि सीटखाली, पत्र्याच्या कोपऱ्यात,
लांबीसारखा घट्ट झालेला मैदा.
खरवडताना वाटलं, एवढं राहू द्यावं.
नाही ठेवलं.
त्याखालीच तर गंज होता.

माझं गॅरेज म्हणजे मागची पडवी.
दोन भिंती चिऱ्याच्या, तिसरी झापांची,
चौथी बांधायची राहिली, तिथून उजेड येतो
आणि खारं वारंही.
कॅशचा हिशेब जुळवून सहाला घरी,
गाऊनवर नवऱ्याचा जुना शर्ट, की दहापर्यंत मी हिची.
नट बिमलांच्या रसात बुडवून ठेवायचे,
सकाळी रस काळा, नट पांढरे.
कार्बोरेटरचा जेट कशाने मोकळा होईना,
शेवटी केरसुणीचा एक हीर उपसला.
किकची दांडी आत दाबून फिरवली
की तीच गिअरची दांडी होते.
एकीलाच दोन कामं.
हे समजायला मला पुस्तक लागलं नाही.

दोन पावसाळे गेले.
मधे सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बँकेचं ऑडिट,
आणि एकदा तीन महिने नुसताच कंटाळा.
मार्चमधल्या एका रविवारी, चाळीस किका मोजल्यावर मी मोजणं सोडलं,
आणि ती सुरू झाली.
दोन्ही नळ्यांतून निळा धूर,
शेजारच्या कोंबड्या थेट विहिरीपलीकडे.

इनासला नातवाने स्कूटरवरून आणलं.
त्याला आता ऐकू येत नाही, अजिबात नाही.
तो गाडीभोवती फिरला नाही, रंगाबद्दल काही बोलला नाही.
तळवा टाकीवर ठेवला,
मुलाचा ताप बघावा तसा,
आणि डोळे मिटून उभा राहिला.
"टायमिंग फुडे असा," म्हणाला. "केसभर."

मी डायल गेज लावून केलं होतं.
तरी रात्री, सगळे झोपल्यावर,
पॉइंटमध्ये बिडीच्या बंडलाचा कागद धरून
फ्लायव्हील हळूहळू फिरवलं.
कागद सुटायला हवा होता त्याच्या जरा आधीच सुटला.
केसभर.

जाताना त्याने पोंगा दाबला होता.
रबर चिरलेलं, नुसती हवा बाहेर आली.
त्याला काय,
त्याने समाधानाने मान हलवली.
रबर मी अजून बदललेलं नाही.

पुण्याहून एक जण फोटो मागतो, किंमत विचारतो,
म्हणतो, मॅडम, पूर्ण झाली का?
त्याला कसं सांगू?
दोन चाकं, छत्तीस-छत्तीस तारा,
दर मंगळवारी मोरीच्या तेलाचं फडकं घेऊन
एकेक पुसत जायची,
वास साबणाने जात नाही, बँकेत खुर्च्या जरा लांब सरकतात.
काल मागच्या चाकाची अकरावी
मुळाशी तांबूस दिसली.
मंगळवारला अजून चार दिवस आहेत.
फडकं कुठे ठेवलं मी?