ळ

आमच्या किन्हाळ्यात ळ नाही.
शाळेच्या फळ्यावर होता.
मास्तर खडूने दोन गोल काढायचे, एका जुवाला जुंपलेले,
शंकरपटातल्या जोडीसारखे.
पण मास्तरही साकोलीचेच,
वाचताना म्हणायचे, र.

माझं आडनाव कोहळे.
आधार कार्डावर कोहळे, मतदार यादीत कोहळे,
आणि बत्तीस वर्षं कोणीही हाक मारली
तर कोहरे.
डोळा म्हणजे डोरा, वेळ म्हणजे वेर,
केळं सोललं तरी केरच.
'मले करत नाई' असं कोणी म्हणालं
की विचारावं लागतं,
कळत नाही, का करत नाही?
बहुतेकदा दोन्ही.

यंदा वडशाच्या कंपनीनं मला पुण्याचा वकील दिला.
दुसऱ्या अंकात उलटतपासणी, तिसऱ्यात पश्चात्ताप.
मॅनेजर लांजेवार म्हणाले, कोट भाड्यानं आनतो,
जीभ तुमची तुमी पाहा.

लाखांदूरच्या बँकेत पाळंदे मॅडम होत्या,
पुण्याहून बदलून आलेल्या, त्याला सहा वर्षं झाली.
साडेचारला शटर अर्धं पडायचं.
काचेच्या अलीकडे मी, पलीकडे त्या,
ओल्या स्पंजवर बोट टेकवत, नोटा मोजत शिकवायच्या.
"जिभेचं टोक मागे वळवा. आणखी. टाळूला लावा. सोडा.
म्हणा, काळ्या तळ्यातला गाळ."
काऱ्या तऱ्यातला गार.
"गार नाही हो. गाळ."
पण माझ्या तोंडात तो गारच होता,
पौषातल्या बोडीच्या पाण्यासारखा.

मग श. मग ण, पाण्यातला.
मग वाक्य कुठे संपवायचं ते.
त्यांचं वाक्य कपाटासारखं बंद होतं, कडी वाजते.
आमचं, शेवटी 'ना बाप्पा' लावून
दार नुसतं लोटून ठेवतं,
कोणी यायचं असलं तर.

राईस मिलमध्ये कोंढा उडत असताना
मी मशीनवर ओरडायचो,
"न्यायमूर्ती महाराज, हा निव्वळ वेळकाढूपणा आहे!"
रूपचंद हमाल पाठीवरचं पोतं तसंच धरून उभा:
कोनाले बोलून रायला गा?

एका संध्याकाळी कालव्याच्या पाळीवर, सायकल चालवताना,
ळ निघाला.
ढेकर यावी तसा, आपोआप.
मी उतरलो. पुन्हा म्हणून पाहिलं
माझंच आडनाव.
कोणी दुसराच माणूस उभा राहिला समोर, जरा उंच,
पायात बूट असलेला.

दिघोरीच्या मंडईत रात्री साडेदहाला पडदा उघडला.
तणसावर बोरे अंथरून दोन हजार माणसं.
मी कोट झटकला,
"साक्षीदाराला काहीच कळत नाही!"
मागून आवाज आला,
वकील पुन्याचाच आनला गा यानं!
टाळ्या पडल्या. आवडल्या.
पुढच्या रांगेत माझा साडू बसला होता,
त्यानं नाही ओळखलं,
तेही आवडलं, आणि नंतर नाही आवडलं.

पहाटे चारला पडद्यामागे मी खोबरेल तेलानं रंग पुसत होतो.
पाळंदे मॅडम आल्या, शालीला तणसाच्या काड्या.
"कोहरे, काय जोरदार केलं बाप्पा तुमी!
मी तं पाहूनच रायली."
मी थांबलो.
त्या चूक सुधारतील म्हणून थोडा वेळ थांबलो.
त्यांनी चहा मागवला. बशीत ओतला, फुंकला.
म्हणाल्या, आई फोनवर दोनदा विचारते,
कोण बोलतंय?
आणि हसल्या,
पण मध्येच बशीकडे बघत राहिल्या.

आता नाटकाचे पैसे जमा करायला बँकेत जातो.
काचेच्या भोकातून त्या विचारतात, "कवा आले?"
मी म्हणतो, "आत्ताच, सकाळी."
रांगेतली बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघते,
पासबुकं अदलाबदल झाल्यासारखी.
मॅडम शिक्का मारतात,
स्लिपवरचं नाव मोठ्यानं वाचतात,
आणि मी कान देऊन ऐकतो,
आज कोणतं.